देवाच्या दारची वाजंत्री : नागपूर भागातील बँडवाल्यांचा इतिहास

नागपूर भागातील खेड्यात लग्नाचा दिवस उजाडला म्हणजे नवरदेव थेट मांडवात जात नाही. जानोशावरून निघालेली वरात आधी मारुतीच्या देवळाशी येते. नवरदेव घोड्यावरून उतरतो, देवापुढे नारळ फोडतो, आणि मगच मांडवाची वाट धरतो. तो आत दर्शन घेत असतो तेव्हा बाहेर पाराशी झालरीचे कोट घातलेली दहा-पंधरा माणसे उभी असतात. कोणाच्या हाती क्लॅरिनेट, कोणाच्या हाती ट्रम्पेट, कोणाच्या गळ्यात ढोल. आधी देवाची एखादी चाल वाजते, मग वरातीची गाणी सुरू होतात. कित्येक पिढ्यांची लग्ने अशाच आवाजात लागली.

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे सभामंडप कोणी दिला, कळस कोणी चढवला, फरशी कोणाच्या स्मरणार्थ बसली, याची नोंद होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु देवाच्या प्रत्येक उत्सवात व गावाच्या प्रत्येक मंगलकार्यात जे आधी येतात आणि शेवटी जेवतात, त्या वाजवणाऱ्यांची नोंद सहसा कोणत्याच दप्तरात नसते. ती उणीव थोडीफार भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गावगाड्यातील वाजंत्री

जुन्या गावगाड्यात वाद्य वाजवणे हा धंदा नव्हता, ते नेमून दिलेले काम होते. देवळातील पूजा व आरतीच्या वेळचे वाद्य गुरवाकडे असे. लग्न-मिरवणुकीचे डफडे व वाजंत्री बहुधा मातंग समाजाकडे असे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही या समाजाची ओळख गावचे वाजंत्री अशीच दिलेली आहे.

या कामाचा मोबदला रोख मिळत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागायचा, सणावाराला पुरणपोळी आणि लग्नात जुने-पाने कापड घ्यायचे, अशी रीत होती. गावात कार्य निघाले की निरोप येई आणि जावेच लागे. नाही म्हणण्याची सोय नव्हती, दर ठरवण्याची तर नव्हतीच. हातातील कला पिढीजात होती, पण त्या कलेचा मालक ती जाणणारा माणूस नव्हता, गाव होते.

शहरात याहून वेगळा थाट होता. नागपूरच्या भोसल्यांच्या राजवटीत चौघडा हे राजवैभवाचे चिन्ह मानले जाई. पुढे ती राजवट गेली, आणि सनई-चौघड्याचा मोठा आश्रयही तिच्याबरोबर गेला.

कामठीची छावणी आणि पितळी वाद्ये

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरची सत्ता खरे पाहता तेव्हाच ढिली झाली. १८२१ साली इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी कामठीला छावणी वसवली. तेथे मुख्यतः मद्रासकडील पलटणी राहत. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजीराजे निवर्तले, आणि १८५४ साली डलहौसीने संस्थान खालसा केले.

पलटण म्हटली की बँड आलाच. कवायतीला बँड, साहेबाच्या मेजवानीला बँड, संचलनाला बँड. याच सुमारास युरोपात या वाद्यांमध्ये मोठी सुधारणा होत होती. पूर्वीच्या तुताऱ्यांवर मोजकेच स्वर निघत. सीताबर्डीच्या लढाईनंतर दुसऱ्याच वर्षी, १८१८ साली, प्रशियात दोन वादकांनी पितळी वाद्याला दाबाच्या कळा बसवण्याचा हक्क नोंदवला. या कळांमुळे एकाच नळीतून सगळे स्वर काढता येऊ लागले. ट्रम्पेटवर एखाद्या गाण्याची पूर्ण चाल वाजवता येते ती या सुधारणेमुळे. क्लॅरिनेट त्याहून जुने असून ते जर्मनीतील न्यूरेम्बर्ग गावी सन १७०० च्या सुमारास तयार झाले.

ही वाद्ये छावण्यांमधून बाजारात आली. उत्तरेत मेरठच्या छावणीच्या आधाराने पितळी वाद्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. तेथील नादिर अली कंपनी १८८५ साली सुरू झाली. पुढे मेरठच्या जली कोठी भागात घरोघर ट्रम्पेट, यूफोनियम घडू लागले आणि देशभरचे बँडवाले तेथूनच वाद्ये आणू लागले. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला आली आणि १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. शहर वाढले, हाती रोख पैसा खेळू लागला. व्यापारी, मालगुजार आणि नोकरदार मंडळींना आपल्या घरच्या वरातीपुढे साहेबी थाटाचा बाजा असावा असे वाटू लागले. लग्नाचा बँड देशभर असाच जन्माला आला, आणि नागपूर त्याला अपवाद नव्हते.

बँडवाल्याचा गणवेश हा त्या छावणीचाच वारसा आहे. खांद्यावर झालरी, छातीवर सोनेरी पट्टे, डोक्याला तुऱ्याची टोपी. ज्या माणसाला गावात ओट्यावर बसण्याची मुभा नव्हती, तो वरातीपुढे कप्तानासारखा चालू लागला. कोट अंगावर असेतोवरच हा मान टिकत असे, हे खरे. तरीही दुसरा एक बदल कायमचा झाला. डफडेवाल्याला निरोप येई. बँडवाल्याला विसार द्यावा लागे. किती माणसे, किती तास, कोणत्या गावी, जाण्या-येण्याची व जेवणाची सोय कोणाची, हे आधी बोलून ठरू लागले. कलेची किंमत सांगण्याचा आणि न पटल्यास नाही म्हणण्याचा हक्क वाजवणाऱ्याच्या हाती प्रथमच आला. बँडच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी गोष्ट म्हणावी लागेल.

हंगाम आणि कष्ट

बँडवाल्याचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की हंगाम उघडतो आणि आषाढी एकादशीला मिटतो. चातुर्मासात लग्ने नाहीत, म्हणून सुपारीही नाही. मधल्या चार महिन्यांत काही मिरवणुका मिळतात. पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. पुढे गणपती व देवी येतात. हंगामाच्या भरात रामनवमी असते. पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा १९६७ पासून निघू लागली. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते, आणि ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला संदल निघतो. एकाच तोंडाने, एकाच क्लॅरिनेटवर, रामाची चालही वाजते, भीमगीतही वाजते आणि कव्वालीही वाजते. बँडच्या धंद्यात दलित व मुसलमान कलावंतांचा भरणा पूर्वीपासून मोठा आहे. ते एका रांगेत चालतात आणि एकाच ठेक्यावर पाऊल टाकतात.

तरीही पावसाळा रिकामाच जातो. त्या दिवसांत कोणी हमाली करतो, कोणी रिक्षा ओढतो, कोणी बिड्या वळतो, कोणी शेतावर निंदणाला जातो. घर चालवायला बँडच्या मालकाकडून उचल घ्यावी लागते. ही उचल पुढच्या हंगामात वाजवून फेडायची असते. फेडता फेडता हंगाम सरतो आणि पुन्हा उचल घेण्याची वेळ येते. विसार घेण्याचा हक्क बँडला मिळाला, पण बँडमधील प्रत्येक माणसाच्या हाती तो सारखाच पोचला नाही. मालक व मास्टर यांची गोष्ट निराळी, ढोल वाहणाऱ्याची निराळी. गॅसबत्त्यांच्या काळात तर डोक्यावर बत्ती घेऊन वरातीच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या बाया-पोरांचा रोज सर्वांत कमी असे. सर्वांना उजेड देऊन त्या स्वतः मात्र अंधारात राहत.

लग्नाची दाट तिथी नेमकी वैशाख-ज्येष्ठात येते. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात दुपारच्या लग्नाला जाड कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, तापलेले पितळ ओठांना लावायचे असते. ओठ फाटले की ट्रम्पेटचा स्वर फुटतो. क्लॅरिनेटची पातळ पत्ती चिरली की चाल मध्येच तुटते. म्हणून जाणता वादक पत्ती जिवापाड जपतो. यूफोनियमवाल्याचे काम लोकांच्या लक्षातही येत नाही. तो खालचा लांब स्वर धरून ठेवतो आणि त्याच्या आधारावर बाकीचे खेळतात. तो थांबला की बाजा पोकळ वाटू लागतो.

हा सगळा बाजा बहुधा कानावर चालतो. स्वरलिपीचा कागद फार थोड्यांपुढे असतो. मास्टर चाल ऐकतो, क्लॅरिनेटवर बसवतो, मग एकेकाला त्याचा भाग तोंडी सांगतो. पोरगा आधी झुनझुणा हलवायला लागतो, मग ताशाला हात घालतो, आणि बरीच वर्षे मागे चालल्यानंतर एखाद्या दिवशी पुढच्या रांगेत येतो. या शाळेला इमारत नाही, प्रमाणपत्र नाही. रस्ताच तिची शाळा.

लग्नघरी बँडवाल्याला माणसांचे मन वाचावे लागते. मांडवात मंगलाष्टके सुरू झाली की वाद्ये थांबतात. मंगलाष्टकांतही वाजंत्र्यांचा उल्लेख येतो. शेवटचे ‘सावधान’ झाले आणि अक्षता पडल्या की त्याच क्षणी सगळा बाजा एकदम उठला पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर सोयरे नाराज होतात. संध्याकाळी मुलगी सासरी निघते तेव्हा त्याच वाद्यांवर पाठवणीची चाल वाजते आणि मांडवातील बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात. वाजवणाऱ्याच्याही घरी लेक असते. हंगामात सुपारी नसलेला दिवस शोधून तिचे लग्न उरकावे लागते.

चित्रपट, रेडिओ आणि बँडमास्टर

स्वातंत्र्याच्या सुमारास बँडच्या पोतडीत मोठी भर पडली ती चित्रपटगीतांची. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे राम चितळकर, यांचे संगीताचे काही शिक्षण नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले होते. ‘शहनाई’ (१९४७) व ‘अलबेला’ (१९५१) या त्यांच्या चित्रपटांतील चालींत विलायती वाद्यांचा ठसका होता. नागपुरात शिकलेल्या संगीतकाराच्या या चाली, बँडसाठीच बांधल्यासारख्या, देशभरच्या वरातींपुढे वाजू लागल्या.

१९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज लागला की चहाच्या टपरीपुढे गर्दी जमे. त्या गर्दीत एखादा बँडमास्टरही कान देऊन उभा असे. वऱ्हाडी मंडळी नवे गाणे मागणार, हे त्याला ठाऊक असे. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटातील पुंगीचा आवाज खऱ्या पुंगीचा नव्हता. कल्याणजी यांनी तो क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता. बँडवाल्यांनी तो क्लॅरिनेटवर उतरवला. आजतागायत वरातीत कोणीतरी तोंडात रुमाल धरून नागासारखा डोलतो आणि क्लॅरिनेटवाला त्याच्यासमोर वाकून वाजवतो, तो त्याच चालीवर.

अशा नाचात नोटा उडतात. कोणी नोट ओवाळून देतो, कोणी मुद्दाम उंच धरतो, कोणी जमिनीवर टाकतो. स्वर न तोडता ती नोट उचलावी लागते. पाहणाऱ्याला ही गंमत वाटते, पण वाजवणाऱ्याला तो रात्रीच्या पिठा-मिठाचा प्रश्न असतो. नोट हातात द्यावी की पायाशी टाकावी, यात देणाऱ्याची ओळख पटते.

दाराबाहेरची कला

आता थोडे कटू बोलले पाहिजे. ज्या देवळापुढे ही मंडळी पिढ्यान्पिढ्या वाजवत आली, त्या देवळाची पायरी चढण्याची त्यांना मनाई होती. लग्नात त्यांची पंगत सर्वांच्या मागून, मांडवाबाहेर बसे, आणि पाणी वरून ओतले जाई. त्यांच्या वाद्याचा आवाज गाभाऱ्यात चालत असे, त्यांचे पाऊल चालत नसे. संत चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे. ही रीत किती जुनी आहे, याची साक्ष तीच देते.

ती मोडण्याचे प्रयत्न याच भूमीत झाले. १९२८ साली वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी आपले लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी साने गुरुजींनी उपोषण केले. १९५० साली घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली तिच्या आचरणाला शिक्षा ठरवणारा कायदा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गावकीची लाचारीची कामे सोडा, हा बाबासाहेबांचा उपदेश अनेकांनी आधीपासूनच पाळला होता. काहींनी त्याबरोबर वाद्यही खाली ठेवले. काहींनी ते ठेवले नाही, पण गावकी म्हणून वाजवणे सोडले. ते ठरलेल्या मोलाने वाजवू लागले आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत स्वतःच्या आनंदासाठीही. दोघांचेही करणे समजून घेण्यासारखे आहे. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती : कला आपली आणि मानही आपला.

सनईसारखे वाद्यही एके काळी दारातच बसत असे. काशीला बालाजीच्या देवळात रियाज करणारे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तेच वाद्य मैफलीत नेले. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. वाद्य हलके वा भारी नसते, त्याला मिळणारी जागा हलकी किंवा भारी असते, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते. पुण्यातील गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात, दरबार यांसारख्या बँडचे नाव लोक आदराने घेतात आणि त्यांचे वादन ऐकायला थांबतात. विदर्भातील किती बँडमास्तरांना असे श्रोते मिळाले?

बदलता काळ

पुढे बँडच्या गाडीवर भोंगे आले, गायक आला, की-बोर्ड आला. नागपुरात तर ‘धुमाल’ नावाचा नवाच बाजा जन्मला. गाडीवर बेंजो, की-बोर्ड व विजेचे पॅड, आणि सोबत ढोल-ताशांचा कल्लोळ. त्यामागून डीजे आला. पंधरा माणसांचे काम दोन माणसे आणि एक यंत्र करू लागले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत भोंग्यांना आळा घातला. नियम योग्यच आहे, पण रात्रीच्या वरातींचे तास त्यामुळे आखडले.

सर्वांत मोठा घाव २०२० साली बसला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. पुढे लग्ने पन्नास माणसांत उरकू लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे व दोन तास एवढीच परवानगी उरली. ज्या लग्नाला पंचवीस माणसे, तेथे पंधरा वाजवणारे कसे मावणार? सलग दोन उन्हाळे बाजा खुंटीला टांगून राहिला. अनेकांनी वाद्ये विकली आणि दुसरा धंदा धरला. गेलेली वाद्ये पुन्हा विकत आणता येतील, पण तोंडी विद्या सांगणारा म्हातारा वादक गेला तर त्याच्याबरोबर त्याची शाळाही जाते.

गावाचे देणे

जीर्णोद्धार म्हणजे जुने मोडके काढून चांगले बसवणे. दगडांच्या बाबतीत ते काम देणगीदारांच्या उदारपणाने आणि गावकऱ्यांच्या श्रमाने होते. रीतींच्या बाबतीत ते ज्याचे त्याने करायचे असते, आणि त्याला फार खर्च येत नाही.

देवळाच्या उत्सवात वा घरच्या लग्नात बँड आला तर त्याची पंगत सर्वांबरोबर बसवावी. ठरलेले पैसे वाजवून होताच, हुज्जत न घालता हाती द्यावेत. बक्षीस द्यायचे तर हातात द्यावे. भर उन्हात वाजवणाऱ्यांना सावली आणि पाणी कोणी मागण्याआधी द्यावे. आणि गावात एखादा जुना वादक हात थरथरतात म्हणून घरी बसला असेल, तर राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेची माहिती त्याच्यापर्यंत पोचवावी. ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अनेकांना ती केवळ कागद गोळा करता येत नाहीत म्हणून मिळत नाही. तरुणांनी पंचायत समितीत चौकशी करून त्याचा अर्ज भरून दिला, तर तीही देवाचीच सेवा होईल.

कळस चढला की त्या दिवशीही बाजा वाजेल. त्या दिवशी वाजवणाऱ्यांनी आधी पायऱ्या चढून, देवासमोर उभे राहून पहिला स्वर लावावा आणि मग मिरवणूक निघावी. ज्यांच्या वाद्याने इतकी वर्षे देवाला जाग आणली, त्यांना देवाच्या दारातून आत येताना कोणी पाहुणे समजू नये. हे देऊळ त्यांचेही आहे.